नाकातला कोंब आणि तपासणीचा कागद



शरीराच्या सर्व अवयवांत नाकाची हेळसांड सर्वांत जास्त होते. पोट दुखले तर माणूस वावरात जात नाही, दात दुखला तर रात्र काढणे कठीण होते. पण नाक चोंदले तर 'सर्दी आहे, जाईल' एवढे म्हणून आपण कामाला लागतो. बहुतेक वेळा सर्दी जातेही. परंतु एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहते, अधूनमधून तिच्यातून रक्त गळते आणि आरशात पाहिले तर आत लालसर मऊ मांस दिसते, तेव्हा ती सर्दी नसते. आपल्याकडे त्याला कोणी 'नाकात मांस वाढले' म्हणतात, कोणी 'नाकातला मूळव्याध' म्हणतात. मग कोणी तपकीर ओढायला सांगतो, कोणी तुरटीचे पाणी सोडतो, तर कोणी दोरा बांधून तो कोंब ओढून काढतो. चार-सहा महिन्यांत कोंब पुन्हा हजर होतो. या लेखात आम्ही अशाच एका विरळ आणि चिवट रोगाविषयी लिहीत आहोत. त्याचे शास्त्रीय नाव जरा लांबलचक आहे: ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. लक्षणे आणि करावयाची तपासणी मात्र लक्षात ठेवावी.

प्रथम या रोगाचा इतिहास थोडक्यात पाहू. 1900 साली दक्षिण अमेरिकेतील ब्यूनोस आयरिस शहरी गिलेर्मो सीबर यांनी एका शेतमजुराच्या नाकातील कोंबात एक अनोळखी परोपजीवी पाहिला व त्याचे वर्णन केले. पुढे 1903 साली कलकत्त्याहून ओ'किनेली यांनी अशाच रोगाची माहिती प्रसिद्ध केली. 1923 साली एडिंबरो येथील अॅशवर्थ यांनी त्या जिवाचा सविस्तर अभ्यास करून त्याला बुरशीच्या वर्गात घातले. ही समजूत बरीच वर्षे टिकली. 1999 साली जनुकांची तुलना झाली, तेव्हा हा जीव बुरशी नसून माशांना जडणाऱ्या काही सूक्ष्म परोपजीवींचा भाऊबंद आहे असे दिसून आले. आपल्या संत्र्याच्या बागेत डिंक्या पाडणाऱ्या फायटॉप्थोराचीही अशीच कथा आहे. त्यालाही पूर्वी बुरशी म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याला वेगळ्या वर्गात घालतात. तोही साचलेल्या पाण्याचा सोबती आहे. वर्ग कोणता, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. बुरशी मारणारी साधी औषधे या नाकाच्या रोगावर का चालत नाहीत, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यात आहे.

हा रोग जगात अनेक ठिकाणी तुरळक दिसतो, पण त्याचे बहुसंख्य रुग्ण भारत आणि श्रीलंका या दोन देशांतच सापडतात. आपल्या देशात तामिळनाडू, केरळ, ओडिशा, पश्चिम बंगाल, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि विदर्भ येथील डॉक्टरांना तो परिचित आहे. मद्रासचे डॉ. सत्यनारायण यांनी 1960 साली 255 रुग्णांची हकीकत एकत्र प्रसिद्ध केली होती. मराठी मुलखाशीही या रोगाचा जुना संबंध आहे. 1933 साली डॉ. नोरोन्हा यांनी पुण्यातील नदीची वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये हा रोग कसा आढळतो यावर लेख लिहिला. पाण्यात बुडी मारून वाळू उपसणारा मजूर आणि हा रोग यांची सांगड तेव्हापासून वैद्यकीय ग्रंथांत कायम आहे. 1992-93 साली युरोपातील सर्बिया देशात एका साचलेल्या पाण्याच्या तलावात पोहणाऱ्या 17 जणांना हा रोग झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा संशयही पाण्यावरच गेला.

हे सारे पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाने का वाचावे? आपली जाम नदी, कन्हान नदी, गावोगावचे नाले, डोह आणि बोड्या ही आपल्या जगण्याची ठिकाणे आहेत. गुराखी पोर दुपारी ढोरांसोबत डोहात उतरते. पोळ्याच्या सकाळी बैल धुण्यासाठी घरातला तरुण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. कोणी वाळू काढतो, कोणी मासे धरतो. हा रोगही मुख्यतः 15 ते 40 वयाच्या माणसांत दिसतो आणि बायांपेक्षा पुरुषांत जास्त. तो दिवाणखान्यातला रोग नाही. पाण्यात आणि मातीत कष्ट करणाऱ्यांचा आहे, आणि म्हणूनच त्याची वाच्यता कमी होते असे आम्हांस वाटते.

तो जडतो कसा, याविषयी तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असे आहे: नाकाच्या आतील नाजूक अस्तराला वाळूच्या कणाने, धुळीने किंवा नखाने बारीक ओरखडा पडतो आणि साचलेल्या पाण्यातील बीजाणू त्या वाटेने आत शिरतो. आत तो सावकाश वाढतो. त्याची जाड कवचाची पिशवी तयार होते व तिच्यात हजारो नवे बीजाणू भरतात. पिशवी फुटली की ते आजूबाजूच्या अस्तरात रुजतात. या पिशव्या पुरत्या वाढल्या म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. लाल मऊ मांसावर असे पांढरे ठिपके असले की तो कोंब स्ट्रॉबेरीच्या फळासारखा दिसतो, असे डॉक्टर सांगतात. कोंब दुखत नाही, पण जरासा धक्का लागला की भळभळ रक्त येते. क्वचित तो घशाच्या बाजूला उतरतो व गिळताना अडथळा होतो. काहींना तो डोळ्याच्या पापणीच्या आतल्या बाजूस होतो. कोरड्या, धुळीच्या प्रदेशात हा प्रकार अधिक दिसतो.

आता एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. हा रोग एका माणसापासून दुसऱ्या माणसाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर निजल्याने, लेकराला कुशीत घेतल्याने तो पसरत नाही. ज्याच्या नाकातून वरचेवर रक्त येते त्याच्यापासून शेजारी दूर बसतात, मुलीचे लग्न ठरत असेल तर गोष्ट दडवली जाते, आणि दडवता दडवता कोंब मोठा होतो. या लाजेला वैद्यकीय आधार काडीचाही नाही.

परंतु नाकातून रक्त आले आणि नाकपुडी चोंदली म्हणजे हाच रोग, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आधी चिंचोका, ज्वारीचा दाणा किंवा मणी आत अडकला आहे काय ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. ओढ्याचे पाणी ओंजळीने प्यालेल्या माणसाच्या नाकात जळू शिरून रक्त येऊ शकते. नाकात खपल्या धरतात, दुर्गंधी इतकी सुटते की शेजारी बसवत नाही, आणि रोग्याला स्वतःला मात्र तो वास येत नाही, तो पीनस होय. त्याची वाट वेगळी आहे; त्या दुर्गंधीवर माश्या बसून अंडी घालतात व नाकात अळ्या पडतात, तेव्हा एक दिवसाचीही दिरंगाई करू नये. महारोगाच्या एका प्रकारातही नाक चोंदणे व रक्त येणे ही सुरुवातीची चिन्हे असतात. वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातून वारंवार पुष्कळ रक्त जात असेल तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. आणि पन्नाशी-साठीच्या माणसाला एकाच बाजूने रक्त येऊ लागले तर कर्करोगाची शंका फेडून घेतलीच पाहिजे. बाहेरून पाहता या सर्वांचे रूप जवळजवळ सारखेच असते, उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा.

म्हणूनच आमचे स्पष्ट मत आहे की, नाकातून काढलेला मांसाचा कोणताही तुकडा तपासणीला पाठविल्याशिवाय फेकला जाऊ नये. डॉक्टर दुर्बिणीने नाक पाहतात, फोटो काढतात, प्रसंगी सीटी स्कॅनही करतात. कोंब कुठवर पोचला हे त्यावरून कळते. पण रोगाचे नाव पक्के होते ते सूक्ष्मदर्शकाखाली. तुकड्याचे पातळ काप करून साध्या नेहमीच्या रंगाने रंगवले की त्या जाड कवचाच्या पिशव्या आणि त्यांतले बीजाणू स्वच्छ दिसतात. या जिवाला प्रयोगशाळेत कृत्रिम अन्नावर वाढविण्यात अजून यश आलेले नाही, त्यामुळे नाकातला स्राव वाढवून पाहण्याच्या तपासणीत तो सापडत नाही. तुकडाच तपासावा लागतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही, परदेशी रसायन लागत नाही. तरीही निदान राहून जाते, याचे कारण एकच: तुकडा बादलीत टाकण्याची सवय. ज्या रोगाचे निदान खर्चावाचून अडत नाही, ते सवयीमुळे अडावे ही खेदाची गोष्ट होय.

पाने पिवळी पडली तर आपण मातीचा नमुना पिशवीत बांधून तपासणीला नेतो. मुळकूज आहे की अन्नद्रव्याची उणीव आहे, हे कळल्यावाचून औषधाला पैसा घालत नाही. झाडासाठी एवढा शहाणपणा दाखविणाऱ्या शेतकऱ्याने घरच्या माणसाच्या नाकातून निघालेल्या तुकड्याबद्दल 'रिपोर्ट कुठे आहे?' एवढे विचारायला संकोच का करावा? हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो. आणि तो कागद घरी जपून ठेवावा, कारण दोन वर्षांनी कोंब परत आला तर पुढच्या डॉक्टरांचे अर्धे काम त्या कागदाने होते.

उपचाराविषयी. मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. कोंब मुळापासून काढायचा व त्याची बैठक विजेच्या उष्णतेने जाळायची. हरळीचे पाते वरून खुडले तर वावर साफ दिसते, पण मुळी जमिनीत राहते, तसेच या कोंबाचे आहे. गावात दोरा बांधून तो ओढण्यात दुहेरी धोका आहे: रक्तस्राव आवरत नाही, आणि फुटलेल्या पिशव्यांतील बीजाणू शेजारच्या अस्तरावर सांडून एकाचे चार कोंब होतात. चांगल्या हातून शस्त्रक्रिया झाली तरी काही जणांना रोग पुन्हा उद्भवतो. तेव्हा नाक मोकळे झाले म्हणून पुढच्या तारखा चुकवू नयेत. डॉक्टर सांगतील तेव्हा, संत्र्याची तोड असो की कापसाची वेचणी असो, जाऊन दाखवून यावे.

रोग पुन्हा होऊ नये म्हणून काही रुग्णांना डॉक्टर डॅप्सोन नावाची गोळी बरेच महिने देतात. या रोगावर तिचा प्रयोग भारतात झाला आणि डॉ. नायर यांनी तो 1979 साली प्रसिद्ध केला. येथे एक गैरसमज होतो. डॅप्सोन ही महारोगावर दिली जाणारी गोळी आहे हे खेड्यात पुष्कळांना ठाऊक असते. गोळीचे पाकीट दिसले की कुजबुज सुरू होते आणि रोगी गोळी बंद करतो. एकच औषध दोन निराळ्या रोगांवर चालते, त्यामुळे रोग एक होत नाहीत. एकाच पहारीने आपण खड्डाही खणतो आणि दगडही उचकटतो. मात्र ही गोळी मनाने घेण्यासारखी नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते त्यांचे रक्त तिने मोडते. म्हणून आधी रक्ताची तपासणी, मग गोळी, आणि मधूनमधून पुन्हा रक्त तपासणी, हा क्रम पाळावा.

थोडे गोठ्याकडे वळू. हा रोग गाय, बैल, म्हैस, घोडा यांनाही होतो. परंतु आपला बैल नाकाने घोरू लागला, त्याला श्वास पुरेना, नाकातून शेंबूड व रक्त येऊ लागले, तर त्याचे कारण आणखी एक असू शकते. मद्रासचे पशुवैद्यक राव यांनी 1933 साली वर्णन केलेला एक चपटा कृमी गुरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहतो व तेथे फुलकोबीसारखी वाढ करतो. त्याचे बाळपण तळ्यातल्या गोगलगायीत जाते. तिच्यातून निघालेली पिल्ले पाण्यात शिरलेल्या गुराच्या कातडीतून आत जातात. पशुवैद्य नाकातील शेंबूड सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, तेव्हा त्याची बाकदार अंडी दिसतात. या दोन रोगांची औषधे वेगळी आहेत. म्हणजे बैलाच्या बाबतीतही न्याय तोच: आधी तपासणी, मग औषध. घोरणारा बैल आळशी झाला म्हणून त्याला पराणी टोचणे हे अन्यायाचे आहे.

आमच्या या लिहिण्यावर आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा: 'आमचे बाप-आजे याच डोहात पोहले, त्यांना काही झाले नाही.' हे खरे आहे. त्या पाण्यात उतरणाऱ्या शेकडो लोकांपैकी एखाद्यालाच हा रोग होतो, म्हणून तर तो विरळ. पण साप शेकडो माणसांपैकी एकालाच चावतो म्हणून आपण रात्री बत्तीवाचून वावरात जात नाही. दुसरा आक्षेप त्याच्या उलट आहे: 'असे असेल तर तळीच बंद करा.' तेही आम्हांस मान्य नाही. तळे बंद केले तर ढोरे कुठे जातील, आणि ज्याच्या घरी नळ नाही त्याने आंघोळ कुठे करावी? गरिबाला पाण्यापासून दूर राहा असे सांगणे सोपे आहे. त्याला दुसरे पाणी देणे हे खरे काम आहे. हातपंपाजवळ किंवा विहिरीजवळ आंघोळीचा ओटा, ढोरे धुण्याची जागा आणि माणसांच्या आंघोळीची जागा वेगळी, एवढी मागणी ग्रामसभेत मांडणे कोणालाही शक्य आहे. तिने केवळ हाच रोग नव्हे, खरूज आणि हगवण हेही कमी होतील. वाळू काढणाऱ्या मजुराचे नाव मात्र अशा वेळी कोणी घेत नाही. त्याच्या नाकाडोळ्यांची तपासणी व्हावी, त्याला बुडी मारून वाळू काढावी लागू नये, ही मागणी त्याच सभेत आपण त्याच्या वतीने मांडली पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पांढुर्णा 2023 साली जिल्ह्याचे ठिकाण झाले, छिंदवाड्याला 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरचे मेडिकल व मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आपल्या लोकांना जुन्या ओळखीची आहेत. ज्यांच्याजवळ आयुष्मान कार्ड आहे त्यांनी भरती होण्याआधीच त्या रुग्णालयात कार्ड चालते काय ते विचारून घ्यावे; राज्याची सीमा ओलांडायची असेल तर हे विचारणे विशेष अगत्याचे. वर्षानुवर्षे तपकिरीवर, झाडपाल्यावर आणि ओळख नसलेल्या इंजेक्शनांवर जो पैसा जातो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर नागपूरची फेरी महाग वाटणार नाही.

शेवटी, प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. एकच नाकपुडी तीन-चार आठवड्यांवर बंद राहिली, किंवा त्याच बाजूने पुन्हा पुन्हा रक्त आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. नाकातून रक्त येत असता मान मागे टाकू नये, रक्त घशात जाते. बसून पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग बोटांनी दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावा व तोंडाने श्वास घ्यावा. तेवढ्यानेही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. कोंबाला स्वतः हात लावू नये, दुसऱ्या कोणाला लावू देऊ नये. साचलेल्या पाण्यात बुडी मारणे टाळावे, आंघोळ बादलीने करावी. शस्त्रक्रिया झाली तर तपासणीचा कागद मागून घ्यावा आणि तो जमिनीच्या सातबाऱ्याइतका, म्हणजे आपल्याकडच्या खसरा-खतौनीइतका, जपावा.

आणि ज्याच्या घरी असा रोगी आहे त्याला एवढेच सांगणे: त्याचे ताट वेगळे करू नका. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा. एकट्या माणसाला डॉक्टर काय बोलले ते निम्मेच ऐकू येते. दोघे असले म्हणजे सगळे ऐकू येते, आणि रिपोर्ट मागायला धीरही येतो.